फडक्याला वास होता

किराणावाल्या जुनेदने काळे मनुके तराजूत ओतले आणि नेमकं त्याच वेळी मागून आवाज आला, "बाई, मागच्या बाकावरच्या सुखीबाईंचा बाप्तिस्मा झालेला नाही का?" वळून पाहिलं तर आमचे नवे पाळक, रजत सोनवणे, हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. आमच्या मंडळीत येऊन त्यांना चार महिने झालेत आणि वयाने ते माझ्या मुलाहून लहान आहेत, तरी पाळक म्हणून मी त्यांना अहोजाहो करते. "झालाय की," मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांदेखत झालाय. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, एकाच दिवशी." "मग त्या प्रभुभोजन का घेत नाहीत? चारही महिने पाहतोय मी. ट्रे शेवटच्या बाकावर गेला की त्या तो तसाच पुढे सरकवतात. भाकरीचा तुकडा घेत नाहीत, प्याला घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, मले मनाई हाय. कसली मनाई? म्हटलं तुम्हाला ठाऊक असेल, तुम्ही जुन्या." त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं, खोचीला उत्तर देणं मला चांगलं जमतं. जुनेद विचारत होता, अर्धाच किलो ना बाई, आणि मी मान हलवली ती त्याला की पाळकांना हे माझं मलाच कळलं नाही. "विचारून सांगते," एवढं मी म्हणाले आणि पुडी उचलून निघाले. एकतीस वर्षं मी यवतमाळच्या शाळेत भूगोल शिकवला. उत्तर येत असून जो पोरगा "विचारून सांगतो" म्हणे त्याला मी बाकावर उभं करत असे.

मनाई हाय. अगं बाई, ती मनाई तर सहा महिन्यांची होती! मी स्वतः हात वर केला होता म्हणून पक्कं आठवतं. सहा महिने शिस्तीखाली, म्हणजे उपासनेला यावं, गाणी म्हणावीत, डोळे मिटून प्रार्थना करावी, पण प्रभूच्या मेजावरचं काही घेऊ नये, आणि सहा महिने झाले की समितीने त्या माणसाला बोलावून पुन्हा मेजाशी घ्यावं. आमच्या मंडळीची ही मिशनच्या काळापासूनची रीत. समितीने बोलावलं असणार असं मी धरून चालले. पण समिती म्हणजे कोण, तर पाच माणसं, त्यातली मी एक, आणि त्या वर्षी पावसाळ्यातच जुन्या पाळकांची बदली झाली, नवे आले, रजिस्टर कपाटात गेलं. मी काही बोलावलं नव्हतं. इतरांनी बोलावलं का हे मी कधी विचारलं नाही. मी पहिल्या बाकावर बसते, डावीकडे, पेटीच्या जवळ. पहिल्या बाकावरून मागचं काही दिसत नाही, आणि तो बाक मी एवढा घट्ट का धरून ठेवला होता ते दत्त चौकातून चालताना मला एकदम लख्ख कळलं. एकोणीस वर्षं. महिन्याचा पहिला रविवार धरला तरी दोनशेच्या वर वेळा तो ट्रे तिच्या हातातून गेला, आणि त्या प्रत्येक प्याल्यातला रस मी केलेला होता. माझ्या तळव्यांना घाम फुटला. फेब्रुवारीचं ऊन काही एवढं नसतं. एका ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला, "ओ मावशी, मरता काय!" आणि मला वाटलं, याला काय ठाऊक, पण बरोबर बोलला.

घरी आले, पुडी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिले. आमच्या मंडळीत दारूला थारा नाही, म्हणून द्राक्षारस म्हणजे मनुक्यांचा रस. तो करायचं काम माझ्या आईकडे होतं, आईनंतर माझ्याकडे आलं. शुक्रवारी संध्याकाळी मनुके भिजवायचे, शनिवारी उकळायचे, कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळायचे, पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून निववायचं, रविवारी सकाळी कॅनमध्ये भरून चर्चला पाठवायचं. साखर घालायची नाही. यात चुकायला जागा नाही असं आई म्हणायची, आणि ती असेतो खरंच कोणी चुकलं नाही. त्या वर्षी मे महिन्यात पुसदला माझ्या भाचीचं लग्न निघालं, नेमकं पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी. मी म्हणजे मोठी मावशी, दोन दिवस आधी जायलाच हवं. दुसऱ्या कोणाला रस करायला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी सांगणार? माझ्या आईचं काम मी दुसऱ्या बाईच्या हातात देणार? म्हणून बुधवारीच सगळं उरकलं. चव आंबट लागली म्हणून साखरही टाकली, चांगली मूठभर. त्या दिवसांत लोडशेडिंग होतं, फ्रिजचा काही भरवसा नव्हता, तेव्हा कॅनला झाकण घट्ट लावून ओट्याखाली गारव्याला ठेवलं आणि पुसदची बस धरली. यवतमाळच्या मे महिन्यात गारवा! सकाळचं दूध जिथे दुपार पाहत नाही तिथे मी साखर घातलेला रस चार दिवस कोंडून ठेवला, आणि लग्नात नवी साडी नेसून मिरवले.

शनिवारी रात्री परतले, रविवारी सकाळी झाकण उघडलं तर फस्स आवाज झाला. वर फेस. आणि वास. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, देवालाही आडून आडून सांगत आले: मला वास आला होता. मी बोट बुडवून चाटलं, जिभेला चुरचुर झाली. सात वाजले होते, उपासना आठला. किराणा उघडायला वेळ होता. पाळकांच्या घरी जाऊन एवढंच म्हणायचं होतं की साहेब, माझ्याकडून चूक झाली, रस आंबला, आज प्रभुभोजन पुढे ढकला. दहा शब्द. त्या दहा शब्दांसाठी माझी जीभ उचलली नाही, कारण मग लोक म्हणाले असते, विजयमालाबाईंची आई असती तर असं झालं नसतं. मी काय केलं? मी वेलदोडे कुटले. आठ-दहा वेलदोडे कुटून त्या रसात घातले, ढवळलं, पुन्हा झाकण लावलं. आजही पायसात वेलदोडा लागला की मी वाटी बाजूला सारते. लोक म्हणतात, बाईंना वेलदोडा चालत नाही, आणि मी पाहुणी गेले की आठवणीने माझ्यासाठी वेगळं करून ठेवतात.

भावसिंग म्हणजे सुखीचा नवरा. दोघं तांड्यावरची, दारव्ह्याकडची. तो मोहाची काढायचा आणि विकण्यापेक्षा जास्त प्यायचा, ते सगळं सोडून ख्रिस्ताकडे आला, आणि आमच्या चर्चची घंटा वाजवायचं काम त्याला मिळालं. कंपाउंडातल्या एका खोलीत दोघं राहत. ती चर्च झाडायची आणि आठवड्यातून तीनदा माझ्याकडे भांड्यांना यायची. तीन वर्षं त्याने थेंबाला हात लावला नव्हता. त्या रविवारी तो दाराशी उभा होता आणि एक ट्रे दाराकडूनच फिरायला लागला, म्हणून त्याचा प्याला पहिल्या काही जणांत आला. त्याने ओठाला लावला आणि ओरडला, "साहेब, थांबवा! दारू हाय हे!" कोणाला काही समजायच्या आत तो बाकांमधून धावत सुटला. मंडळीत त्याच्यासारखी दारू सोडलेली आणखी चार-पाच माणसं होती, वणीच्या खाणीवरचा एक, दोन हमाल. त्यांच्या हातांतून त्याने प्याले हिसकून घेतले. एकाच्या शर्टावर सांडलं. बायका किंचाळल्या. मी पहिल्या बाकावर बसले होते आणि माझ्या प्याल्यात वेलदोड्याची भुकटी तरंगत होती. त्या सकाळी देवाच्या त्या घरात एकच माणूस खरं बोलला, आणि तो भावसिंग होता.

उपासना मोडल्यावर पाळकांच्या खोलीत समिती बसली. सदाशिवराव चिटणीस होते, आमच्याकडचे पिढीजात ख्रिस्ती, आवाजात वजन. ते म्हणाले, "जिभेला लावताच ओळखली, म्हणजे चव विसरला नाही तो." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण रस माझा. मी म्हटलं, "रस चांगला होता, मी चाखला होता. पण गाळताना फडक्याला वास होता. फडकं सुखीचं होतं." बस. एवढंच. फडकं तिचं होतं हे खरं होतं. बुधवारी माझं फडकं फाटलं आणि भांडी घासता घासता ती म्हणाली, बाई, थांबा, माह्या घरी धुतलेलं हाय. धावत जाऊन घेऊन आली, पांढऱ्या धोतराचं, घडी घातलेलं. त्याला साबणाशिवाय कशाचाही वास नव्हता. माझं वाक्य संपायच्या आधीच माना हलल्या, याचंच मला नंतर जास्त वाईट वाटलं. किती सोपं गेलं! तांड्याचं फडकं, तांड्याची बाई, कोणाला पुढे विचारायची गरजच वाटली नाही. दोघांना आत बोलावलं. सुखी आपल्याच हाताच्या तळव्यांकडे पाहत उभी राहिली. भावसिंग बोलला. "फडकं साफ होतं. मी सोता वाळत घातलं होतं. तुमी काहून खोटं बोलून राह्यले?" तो हे सदाशिवरावांना म्हणाला, माझ्याकडे पाहून नाही. बाई खोटं बोलत असतील असं त्याच्या मनातही आलं नसावं. सदाशिवराव भडकले. तिला सहा महिने, आणि त्याला माफी मागेपर्यंत. त्याने माफी मागितली नाही. कशाची मागणार होता? महिन्याभरात खोली रिकामी करून दोघं लोहाऱ्याकडे गेली. चार वर्षांनी तो रस्त्याच्या कामावर ऊन लागून गेला. शिस्तीखाली होता, म्हणून त्याला चर्चमध्ये आणलं नाही, घरासमोर प्रार्थना झाली. घंटा वाजली नाही. मीही गेले होते, हातात शेवंतीची फुलं घेऊन, आणि सुखीच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात मी कसा ठेवला असेल!

शुक्रवारी मी लोहाऱ्याचा ऑटो केला. रात्रभर छान छान वाक्यं जुळवली होती: त्या वेळची परिस्थिती, नकळत झालेला अन्याय, मनाला लागलेली टोचणी. मास्तरीण ना, निबंध लिहायची सवय जात नाही. एमआयडीसीच्या मागे तिच्या लेकीचं घर आहे, लेक कामावर गेलेली, आणि सुखीबाई अंगणात सुपात तूर पाखडत बसलेली. मला पाहून धडपडत उठली. "बाई, तुमी? पाळकसाहेबानं धाडलं काय? बसा ना. च्या मांडतो." "चहा नको. तू बस आधी." ती बसली. मी समोर पायरीवर बसले. तिचे केस सगळे पांढरे झालेत, हे मी गेल्या एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. जुळवलेलं सगळं सोडून मी म्हटलं, "सुखीबाई, फडक्याला वास नव्हता." "कोनत्या फडक्याले?" तिने साधेपणाने विचारलं. मग मी सांगत गेले. बुधवार, साखर, कॅन, फेस, वेलदोडे, सगळं ओळीने, काही न गाळता. तिच्या हातातलं सूप आधी हळू झालं, मग थांबलं. "तुमाले मालूम होतं?" "हो." "तवाच?" "त्याच सकाळी. चर्चला यायच्या आधी."

तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं रडेल, आणि खोटं कशाला बोलू, तिने रडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला तिच्या पाठीवर पुन्हा हात ठेवता आला असता. ती रडली नाही. "मी घरातले सगये फडके जाळले होते," ती म्हणाली. "मले वाटे, माह्या हातातच हाय ते. लहानपनी माय मोहाची काढे, मी चुलीत लाकडं सारत होती. म्हनलं, कितीबी घासलं तरी जात नसन." मी विचारलं, "सहा महिन्यांनी तू समितीकडे का नाही आलीस?" विचारलं आणि जीभ चावली, कारण मास्तरणीसारखं विचारलं होतं. ती म्हणाली, "कोनी बोलावलंच नाही ना. म्हनलं, देवाले अजून वास येत असन." हे ती तक्रारीने म्हणाली नाही. शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "पन तो म्हने, फडकं साफ होतं. मरेपर्यंत म्हने. मी त्याले म्हनलं, तू चूप बस, एवढी शिकलेली बाई खोटं बोलन काय? रोज सांजच्याले तो कामावून ये, अन् मी त्याचं तोंड हुंगत होती. चार वर्षं. तो काहीच नाही म्हने. गुमान तोंड पुढं करे."

मी म्हटलं, "सुखीबाई, मला माफ कर." तिने मान वर केली. इतक्या वर्षांत तिने मला तुम्ही सोडून काही म्हटलं नव्हतं. "मले नको मागू," ती म्हणाली. "त्याले माग." "तो आता कुठे आहे गं?" "म्हनून त सगयाइच्या समोर माग. जिथं त्याले खोटं पाडलं तिथं. त्याचं नाव घे, चांगलं मोठ्यानं घे. माहं नाही घेतलं तरी चालन." आणि तिने सूप उचललं. मी बसूनच होते, तेव्हा म्हणाली, "जा आता. माहं डोकं फिरून राह्यलं. मी काही बोलीन."

मी चालत परत निघाले. ऑटो दोन आले, थांबले, मी हाताने नको म्हटलं. कापसाच्या गाड्या जात होत्या, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले. मला वाटलं होतं कबूल केल्यावर हलकं वाटतं. प्रवचनात तसंच सांगतात, मी स्वतः स्त्री-मंडळात किती वेळा सांगितलंय! हलकं काही वाटलं नाही. उलट आता कळलं की मी जे उचलून फिरत होते ते माझं पाप नव्हतंच, पापाचं नुसतं नाव होतं. खरं पाप लोहाऱ्याच्या त्या घरात होतं, जिथे एक माणूस रोज संध्याकाळी गुमान तोंड पुढे करत होता. ते मला ठाऊकच नव्हतं. मी एका रसाचं खोटं बोलले असं समजत होते. पाय दुखत होते, आणि पाय दुखतायत याचं बरं वाटत होतं. रविवारी बोलायचं. मी ते चालता चालता दोनदा मोठ्याने म्हटलं, रविवारी बोलायचं, आणि समोरून येणारी कॉलेजची पोरगी बाजूला झाली.

शनिवारी सकाळी रात्रभर भिजवलेल्या मनुक्यांचं पातेलं घेऊन मी पाळकांकडे गेले. त्यांच्या बायकोच्या, निशिगंधाच्या, हातात पातेलं दिलं, रस कसा करायचा ते सांगितलं, साखर घालू नकोस हे तीनदा सांगितलं. मग पाळकांना सगळं सांगितलं. भला पोरगा आहे. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, "बाई, देवाने क्षमा केली. तुम्ही सुखीबाईंकडेही जाऊन आलात. समितीत ठराव करून आपण त्यांची मनाई उठवू. भर उपासनेत कशाला? पुढच्या महिन्यात मंडळी तुमच्या सेवेसाठी तुमचा सत्कार करणार आहे. लोक काय काय बोलतील." क्षणभर, कबूल करते, मला ते फार गोड लागलं. एक ठराव, दोन सह्या, आणि सुखीबाई मेजाशी येईल, कोणाचंच काही जाणार नाही. उघड बोलले तर जाणार होतं ते सगळं माझंच: पहिला बाक, रस, पोरांना माझा धाक, रस्त्यात भेटल्यावर लोकांनी वाकून म्हटलेलं जय ख्रिस्त. सहासष्टाव्या वर्षी माणसाजवळ दुसरं असतं काय? मी म्हटलं, "पाळकसाहेब, त्या माणसाचं नाव भर मंडळीत घालवलं मी. ते ठरावाने परत येईल का?" दुपारी माझ्या घरी सदाशिवराव आले, शहाऐंशी वर्षांचे, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. पाळकांनी त्यांना सांगितलं असणार. "विजयमाला, जुनी मढी कायले उकरून राह्यली तू?" "जुनी नाहीत, सदाशिवराव. ती बाई गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारीही ट्रे पुढे सरकवत होती." "अन् आमचं काय? समितीचं नाव जाईन ना." "जाऊ द्या." "भावसिंग उद्धट होता," ते म्हणाले. "तो खरं बोलत होता," मी म्हटलं, "खरं बोलणाऱ्याला आपण उद्धट म्हणालो." त्यांनी चहा घेतला नाही. जिना उतरताना त्यांची काठी बराच वेळ वाजत होती. पूर्वीची विजयमाला असती तर धावत जाऊन समजूत काढली असती. मी दार लावून घेतलं.

रविवारी मी पहिल्या बाकावर बसले, कारण पुढे जायला तो जवळ पडतो. मेजावर पांढरं कापड, त्याखाली भाकर आणि प्याले. पाळक दर वेळेसारखं म्हणाले की कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल तर आधी जाऊन त्याच्याशी नीट करावं आणि मग यावं. एकोणीस वर्षं हे ऐकताना मी पदर सारखा करत असे. मी उठले. मेजाची कड धरली आणि मग लक्षात आलं की मेज धरायचा आपल्याला हक्क नाही, सोडून दिली. मागे वळले. शेवटच्या बाकापर्यंत सगळी मंडळी दिसली. सुखीबाई हातात हात घालून बसली होती. मला शाळेतल्यासारखं बोलायचं होतं, पण निघालं ते घरातलं. "मले एक सांगायचं हाय," मी म्हटलं. "भावसिंग राठोड या चर्चची घंटा वाजवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी इथं प्रभुभोजनात दारू निघाली. ती भावसिंगनं ओळखली अन् चार घरं वाचवली. त्याच्या घरच्या फडक्याले वास होता असं मी सांगितलं. ते खोटं होतं. रस मी आंबवला होता. मला ठाऊक होतं. मी वेलदोडे घालून तो तुम्हाला प्यायला दिला." कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. एक लहान मूल रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला बाहेर नेलं नाही. "भावसिंग मरेपर्यंत खरं बोलत होता, अन् त्याले खोटं मी पाडलं. सुखीबाईले खोटं मी पाडलं. समितीचा दोष असेल तो असेल, पण शब्द माझा होता. भावसिंग, मले माफ कर." ते नाव मोठ्याने घेतल्यावर छतापर्यंत गेलं. "मी आजपासून शिस्तीखाली आहे. मी मेजाशी येणार नाही." आणि मी खाली बसले. कानांत नुसती घरघर होती. सदाशिवराव मान खाली घालून बसलेले दिसले, काठीवर दोन्ही हात.

मग पाळकांनी भाकर मोडली आणि ट्रे फिरवण्याऐवजी नाव घेऊन हाक मारली, "सुखीबाई भावसिंग राठोड, या." मागून चपला काढल्याचा आवाज आला. ती मधल्या वाटेने आली, सावकाश, कोणाकडे न पाहता. पाळकांनी तुकडा दिला. तिने तो घेतला, हात तसाच पुढे ठेवला आणि म्हणाली, "अजून एक द्या. त्याचा." पाळक घुटमळले. मेलेल्या माणसाचा वाटा आमच्यात कोणी काढत नाही, शिकून आलेल्या पोराला हे पक्कं ठाऊक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळीतले सगळे नियम मला तोंडपाठ आहेत, आणि मी तोंड उघडलं नाही. त्यांनी दुसरा तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला.

आपला तुकडा तिने तिथेच उभ्याने खाल्ला, हळूहळू चावून, डोळे मिटून. मग ती माझ्या बाकाशी आली आणि दुसरा माझ्यापुढे धरला. "हा त्याचा हाय. खा."

"मी शिस्तीखाली आहे, सुखीबाई."

"कोनं ठेवलं तुले? तूच ना? लय झालं तुहं ठेवनं." तिने हात मागे घेतला नाही. "तो असता त त्यानं कवाच माफ केलं असतं. तसाच होता तो, येडा. मी नाही केलं अजून. माहं मंग पाहू. तू खा."

मी तिच्या हातावरचा तुकडा उचलला आणि खाल्ला.